आकडा नव्व्याण्णव होता

‘ऑपरेशन थिएटरमधल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात,’ असं मला दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. गमती आहेत. तेहतीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या बाईकडे गमती नसतील तर कोणाकडे असतील? भूल उतरताना सासूची सगळ्यांसमोर माफी मागणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत आणि अर्धवट शुद्धीत नर्सला लग्नाची मागणी घालणारे पंचाहत्तरीचे आजोबाही. पण लिहायला बसले की गमती बाजूला होतात आणि एक भीती समोर येऊन बसते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, ती काही हलायला तयार नाही. म्हणून या वेळी तिच्याबद्दलच लिहिते. ज्यांना सणासुदीला फक्त हसायचंय त्यांनी पुढच्या लेखाकडे जावं, मी रागावणार नाही.

मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. निकम सिस्टर. आवाज मोठा, स्वभाव तापट आणि मोजणीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकणार नाही अशी ख्याती. पोट शिवण्याआधी आत गेलेले सगळे कापडी बोळे बाहेर आले का, हे सिस्टर मोजते. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, त्याला सुई खाली ठेवावी लागते. मी भल्याभल्यांना सुई खाली ठेवायला लावली आहे. हे सांगताना अजून मान ताठ होते, म्हणून आधीच सांगून टाकलं. पुढे अशी मान ताठ करण्यासारखं फारसं नाही.

ऑपरेशन झालं की पेशंट थेट वॉर्डात जात नाही. मध्ये एक खोली असते, रिकव्हरी. भूल पुरती उतरेपर्यंत त्याला तिथे ठेवतात. लोकांना वाटतं, धोका टेबलावर असतो. टेबलावर भूलतज्ज्ञ उशाशी उभा असतो, एक डोळा पेशंटवर आणि एक यंत्रावर. मला खरी धास्ती या मधल्या खोलीची वाटायची, कारण तिथे सगळेच सुटकेचा श्वास टाकतात. सर्जन चहाला गेलेले असतात, बाहेर नातेवाईक एकमेकांना फोन लावत असतात, ‘झालं हो, व्यवस्थित झालं’ म्हणून. आणि पेशंट मात्र अजून पुरता परत आलेला नसतो.

या खोलीत आमची एक पूर्वापार रीत होती. आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. गरज असो नसो, भिंतीवरचा नॉब फिरवायचा आणि मास्क चढवायचा. मी नवीन असताना एकदा विचारलं होतं, का लावायचा? तेव्हाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘लावलेला बरा.’ पुढे मी मोठी सिस्टर झाले आणि नव्या मुलींना तेच उत्तर दिलं.

आमच्याकडे डॉ. बोरसे म्हणून भूलतज्ज्ञ होत्या, मूळच्या सटाण्याच्या. बोलणं मोजकं आणि सवय वाईट, म्हणजे प्रश्न विचारायची. एक दिवस त्यांनी मला विचारलं, “निकम सिस्टर, ‘लावलेला बरा’ हे कोणी तपासलंय का?” मी म्हटलं, “मॅडम, ऑक्सिजनने कुणाचं वाईट झालंय का?” त्या म्हणाल्या, “तेच बघू या.” आणि अशा रीतीने, नोकरीची थोडी वर्षं उरली असताना मी संशोधनाच्या कामाला लागले.

अभ्यास सोपा होता. साध्या, धडधाकट पेशंटपैकी निम्म्यांना रिकव्हरीत नेहमीसारखा ऑक्सिजन. उरलेल्या निम्म्यांना खोलीतली साधी हवा, पण त्यांच्यावर बारीक नजर. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा ब्याण्णवच्या खाली गेला तर त्यांनाही लगेच ऑक्सिजन. कोरोनानंतर हा चिमटा सगळ्यांना ठाऊक आहे, घराघरांत पोचलाय. कोणाला काय मिळणार हे मॅडम ठरवणार नाहीत आणि मीही नाही. आधीच बंद करून ठेवलेले लिफाफे होते, ऑपरेशन संपताना क्रमाने एक उघडायचा, आत जे निघेल ते. माणसाने ठरवलं की तो नकळत म्हाताऱ्या, अशक्त किंवा आवडत्या पेशंटला ऑक्सिजन देतो आणि मग तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. हे मॅडमनी मला समजावलं, मी मान डोलावली आणि इतरांनाही समजावून सांगू लागले. माझं काम तेच होतं: संमती घ्यायची, लिफाफा उघडायचा, दर पाच मिनिटांनी आकडा बघून कागदावर लिहायचा. मोजणारी बाई म्हणून माझीच निवड झाली होती.

संमती घेणं म्हणजे मोठं दिव्य. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार हर्नियासाठी आले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे चिठ्ठ्या टाकून ठरवणार? डॉक्टरला माहीत नाय का काय द्यायचं ते?” मी म्हटलं, “दादा, नाहीच माहीत, म्हणून तर.” असं रुग्णालयात कुणी कबूल करत नाही, त्यामुळे ते गडबडले. मग स्वतःशीच म्हणाले, “आमी पण नवीन औषध आलं का दोन ओळी फवारतो, दोन ओळी तशाच सोडतो. नायतर कळणार कसं?” आणि सही करून मोकळे झाले. जाता जाता मात्र दम दिला, “पण मला फवारलेल्या ओळीत घाला.”

पूर्वी मास्क दिसला की नातेवाईक रडायला लागत. ऑक्सिजन लावला म्हणजे आता काही खरं नाही, असा समज. कोरोनानंतर सगळं उलटं झालं. मास्क नाही दिसला तर भांडायला येत, “आमच्या माणसाला ऑक्सिजन का नाही?” त्यांना हसायचा मला हक्क नव्हता, कारण माझं स्वतःचं तसंच झालं होतं.

ती साथ शिगेला पोचली होती तेव्हा आमची थिएटरं बंद होती आणि आम्ही सगळ्याजणी कोविड वॉर्डात होतो. एके सकाळी मला सांगण्यात आलं, की पाच नंबरच्या खाटेवरचा माणूस आता बरा होत आलाय, त्याचा ऑक्सिजन कमी करून शेवटी बंद करायचा, तो दुसऱ्याला हवाय. निर्णय बरोबर होता, त्या माणसाचं पुढे काही बिघडलं नाही, तो चालत घरी गेला. पण नॉब बंद करताना त्याने माझं मनगट धरलं होतं. त्यानंतर कुणाचाही ऑक्सिजन बंद असलेला मला बघवत नसे. हे मी मॅडमना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण निकम सिस्टर घाबरते हे कुणाला कळू नये असं मला वाटायचं.

त्यामुळे लिफाफ्यातून ‘हवा’ निघाली की मी खुर्ची खाटेला लावून बसायची. मी खाटेजवळून हलायची नाही. आकडा शहाण्णव असला तरी मला तो ब्याण्णवकडे निघालेला दिसायचा. तळहाताला घाम सुटायचा आणि लिहिताना कागद ओला व्हायचा. बरोबरच्या मुली म्हणायच्या, “सिस्टर किती मन लावून काम करतात!”

अशात मनमाडच्या विमलताई पगारे गर्भाशय काढायच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. अंगणवाडी सेविका, अंगाने भरलेल्या, तोंडाने फटकळ. त्यांचे यजमान भीमराव रेल्वेत, मनमाडच्या यार्डात गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कामाला. मी संमतीचा कागद दिला तर भीमरावांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला. तिसरं पान दोनदा जोडलं गेलंय हेही त्यांनीच दाखवून दिलं. इतक्या जणांनी सह्या केल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“सवय हाय, सिस्टर,” ते ओशाळून म्हणाले. “आमची सही झाल्याबिगर गाडी सुटत नाय. न वाचता सही केली अन् पुढं उतारावर काय झालं, तर कोणाला तोंड दाखवायचं?”

विमलताई म्हणाल्या, “मला हवाच द्या बाई. मनमाडची हवा खाऊनच एवढी झाले.” मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, “फक्त एक आहे. मी घोरते. शेजारच्या क्वार्टरपर्यंत आवाज जातो, असं हे म्हणतात.”

घोरणाऱ्या माणसाची भूल उतरताना घसा लवकर मिटतो, हे आम्हाला अनुभवाने माहीत. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “घेऊ या. फक्त श्वासावर लक्ष ठेवा.” श्वासावर, असंच त्या म्हणाल्या होत्या. मी मनात आकडा ऐकला.

ऑपरेशन सुरळीत झालं. लिफाफा उघडला. हवा.

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. रिकव्हरीत तीन पेशंट होते. विमलताई अर्धवट जाग्या, ‘दुखतंय गं’ म्हणत होत्या. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दुखणं थांबवायचं जोराचं इंजेक्शन मी त्यांच्या शिरेतून दिलं. त्या शांत झाल्या आणि थोड्या वेळाने घोरायला लागल्या. आकडा सत्त्याण्णव. मग शहाण्णव. मग पंच्याण्णव. पंच्याण्णव हा उत्तम आकडा आहे, घरी बसलेल्या माणसाचाही तेवढा असतो. पण घोरता घोरता त्या मध्येच थांबल्या. मी वाट बघायला हवी होती. हाक मारायला हवी होती, हनुवटी उचलायला हवी होती, मॅडमना बोलवायला हवं होतं. यातलं काही न करता मी इकडे तिकडे पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. माझा हात भिंतीकडे गेला आणि मी नॉब फिरवून मास्क चढवला. कागदावर आकड्याच्या जागी मी ‘९१’ लिहिलं.

एवढंच. एवढ्याला दहा सेकंदही लागले नाहीत.

आकडा चढत नव्व्याण्णववर गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. खूप दिवसांनी मी त्या खोलीत मोकळा श्वास घेतला. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना उलटी होत होती, मी त्यांच्याकडे गेले. मधून मधून मान वळवून विमलताईंच्या यंत्राकडे बघत होते. नव्व्याण्णव. पुन्हा नव्व्याण्णव.

पेशंट रिकव्हरीत स्थिरावला की घरच्या एकाला पाच मिनिटं आत सोडायची आमच्याकडे पद्धत होती. भीमराव चपला बाहेर काढून, डोक्याला हिरवी टोपी आणि अंगात गाऊन चढवून आत आले. मी लांबूनच म्हटलं, “छान आहेत हो ताई. नव्व्याण्णव आहे बघा.”

ते यंत्राकडे बघत नव्हते. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “सिस्टर, मास्कवर वाफ येतीय अन् जातीय. पण गेल्यावर परत यायला लय टाइम लागतोय.”

“झोपल्यात त्या, दादा. आकडा बघा ना.”

“आकडा बघितला,” ते म्हणाले. आवाज वाढला नव्हता. “आमच्याकडं इंजिनात काटा असतो. तो ब्रेकच्या हवेचं पूर्ण प्रेशर दाखवतो. पण मधल्या एका डब्याचा कॉक, म्हंजे हवेची तोटी, बंद राहिला, तर मागच्या डब्यांला हवाच जात नाय, अन् काट्याला ते कळत नाय. म्हणून आमी शेवटच्या डब्यापर्यंत पायी जातो. तुमी इकडं या ना जरा.”

मी गेले. छातीवर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा धरला. हात वर आला, खाली गेला. मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिले. माझेच कान भणभणायला लागले. पुन्हा एकदा छाती जराशी हलली. पूर्ण मिनिटात चार श्वास. निरोगी माणूस बारा ते सोळा वेळा घेतो.

“विमलताई! विमलताई!” मी ओरडले. खांदा हलवला, कानाची पाळी दाबली. काही नाही. पापणी उचलली तर बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. इंजेक्शनच्या गुंगीने श्वास विझत चालला होता आणि आकडा अजूनही नव्व्याण्णव होता.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला पुढची पायरी आठवेना. मग हात आपोआप चालू लागले. हनुवटी उचलली, मास्क काढून हाताने श्वास द्यायचा फुगा तोंडाला लावला आणि दाबायला लागले. मॅडमच्या नावाने अशी हाक मारली, की त्या शेजारच्या थिएटरमधून धावत आल्या. त्यांनी त्या गुंगीवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन भरलं, शिरेतून दिलं. मी फुगा दाबत होते आणि मनात एकच गोष्ट म्हणत होते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दोन मिनिटं गेली असतील. विमलताई खोकल्या, हात झटकला, डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, “अगं, मारतेस का मला?”

भीमराव भिंतीला टेकून उभे होते. टोपी त्यांच्या मुठीत होती, कधी काढली ते त्यांनाही कळलं नसावं.

आता वाचकांसाठी हे सोपं करून सांगते, कारण घरोघरी तो चिमटा आहे आणि लोक त्यावर देवासारखा विश्वास ठेवतात. चिमटा फक्त रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतो. माणूस श्वास किती वेळा घेतोय, आतली घाण हवा बाहेर टाकतोय का, हे तो सांगत नाही. साध्या हवेवरच्या माणसाचा श्वास मंदावला, तर आकडा लगेच पडतो, यंत्र बोंबलतं, आपण धावतो. पण मास्कमधून भरपूर ऑक्सिजन मिळत असेल, तर मिनिटाला चार श्वासांतही रक्ताला पुरेल इतका आत जातो. आकडा मस्त दिसतो. आणि आत विषारी वायू साठत माणूस बुडत जातो. मी मास्क लावला नसता तर यंत्राने केव्हाच हाक मारली असती. माझ्या काळजीने ते यंत्र मुकं केलं होतं. ‘लावलेला बरा’ यात वाईट काय असू शकतं, हे तपासायलाच मॅडमचा सगळा अभ्यास होता, आणि ते वाईट माझ्याच हाताखाली घडलं.

मॅडमनी कागद उचलला. “एक्क्याण्णव झालं होतं? म्हणून लावलात?”

“हो,” मी म्हणाले.

अभ्यासात असं काही गंभीर घडलं, की रुग्णालयाच्या समितीला चोवीस तासांत कळवावं लागतं. मॅडम माझ्यासमोरच मजकूर लिहीत होत्या. ‘हवेच्या गटातील रुग्ण, ऑक्सिजनचे प्रमाण एक्क्याण्णवपर्यंत उतरले, त्यानंतर श्वसन मंदावले.’ मी उभी राहून वाचत होते आणि माझ्या लक्षात येत गेलं, की हा कागद काय सांगणार आहे. ऑक्सिजन लावला नाही म्हणून बाई जाता जाता वाचली, असं सांगणार. समिती घाबरेल, अभ्यास थांबवेल, आणि सगळीकडच्या सिस्टर पुन्हा प्रत्येकाला मास्क चढवतील. त्यातल्या कोणाच्या तरी खाटेच्या पायथ्याशी ब्रेक तपासणारा नवरा उभा नसेल.

तरीही मी तेव्हा गप्प राहिले. घरी गेले, भाजी निवडली, जेवले नाही. सकाळी साडेसातला मॅडम यायच्या आधीच त्यांच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं, पंच्याण्णव होतं आणि मी एक्क्याण्णव लिहिलं, हेही.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “सिस्टर, भीती वाटते हे तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी त्या खोलीत आणखी एक माणूस दिला असता.” मग विचारलं, “आणि बाकीचे कागद? त्यांतल्या कोणत्या आकड्यावर मी विश्वास ठेवू?”

“बाकीचे खरे आहेत, मॅडम,” मी म्हणाले.

“पगारेंना सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही?”

“मी सांगते.”

पुढचं सरकारी कामकाज थोडक्यात सांगून टाकते. समितीसमोर मी दोनदा गेले, संशोधनाच्या कामातून मला काढलं, निवृत्तीपर्यंत मी पुन्हा थिएटरमध्ये बोळे मोजत राहिले. ते योग्यच झालं. अभ्यास मात्र थांबला नाही. रिकव्हरीत आता एक नवा नियम आहे, आकड्याशेजारी श्वासही मोजून लिहायचा, पूर्ण एक मिनिट, छातीवर हात ठेवून. नव्या मुलींना तो कंटाळवाणा वाटतो. आणि मला अजूनही सवय आहे, बसमध्ये शेजारी कोणी डुलकी काढली तरी मी त्याचे श्वास मोजते. पण हे सगळं नंतरचं. त्याआधीची, मॅडमना सांगितलं त्याच दिवसाची ती दुपार सांगायची राहिली.

विमलताई वॉर्डात होत्या. जेवून झोपल्या होत्या, घोरत होत्या. मनमाडहून त्यांची नणंद आणि दोन शेजारणी आल्या होत्या. मी दारात दिसताच भीमराव उठले आणि म्हणाले, “ह्याच त्या निकम सिस्टर. ह्यांनी वाचवली हिला.” नणंद पुढे झाली आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “ताई, तुमच्या हाताला यश हाय.” मला ते हात काढून घेता येईनात.

मी बायकांना बाहेर बसायला सांगितलं. मग भीमरावांना उभ्यानेच सगळं सांगितलं. लिफाफ्यात हवा होती. आकडा चांगला होता. मी घाबरले, ऑक्सिजन लावला, खोटा आकडा लिहिला. त्या मास्कमुळेच काही कळलं नाही. तुम्ही आला नसता तर.

ते ऐकत होते. मध्येच एकदा बायकोकडे पाहिलं, तिची छाती वर आली, खाली गेली, आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची तयारी करून आले होते. तक्रारीची, पोलिसांचीही.

“आमच्यात एक डबा असा सापडला ना सिस्टर,” ते शांतपणे म्हणाले, “तर आमी तेवढाच दुरुस्त करून गाडी सोडत नाय. अख्खी गाडी परत तपासतो. हिच्या आधी किती जणांला लावला होता?”

वॉर्डात पंखा फिरत होता. कोणीतरी बाहेर स्ट्रेचर ढकलत नेत होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा जे तोंडातून गेलं, तेच पुन्हा जाईल असं मला वाटत होतं. ते गेलं नाही.

“पाच,” मी म्हणाले. तोपर्यंत मी त्यांची कधी मोजणी केली नव्हती. बोळा न् बोळा मोजणारी मी.

“त्यांच्या कागदावर पण खोटंच लिहिलंय?”

“हो.”

“मोठ्या डॉक्टरीणबाईंला म्हाइत हाय?”

“नाही.”

भीमरावांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते, कामावर असल्यासारखे दिसत होते. “मग तुमी आत्ताच जा, सिस्टर,” ते म्हणाले. “हिच्यापाशी मी बसतो.”

त्यांनी भिंतीजवळची खुर्ची उचलली आणि माझ्या आणि विमलताईंच्या खाटेच्या मधोमध आणून ठेवली.